ताटातला ससा

जेवायला बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाइतका चिवट ग्राहक व्यापाऱ्यालाही क्वचितच भेटतो. माल समोर आहे, फुकट आहे, देणारा हात जोडून विनवतो आहे. तरी सौदा काही जमत नाही. बाजारपेठेच्या गावातील एका भुसारी घरात गेले वर्षभर हेच चालले होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपण्याचा त्या घराचा नेम आहे. दिवस मावळतीला लागला की आईच्या हातात वाटी, पुढे नातू, मागे आजी, आणि घड्याळाचा काटा कोणासाठीही थांबत नसे. मूल अर्धपोटी झोपे आणि रात्री दहाला भूक लागली म्हणून रडे. रात्री खाऊ घालावे तर घराचा नेम मोडतो, न घालावे तर जीव तुटतो.

सुनेने त्यावर उपाय शोधला. तिने इडलीला दोन लांबट कान लावले, मनुक्यांचे डोळे केले, टोमॅटोचा लहानसा तुकडा नाक म्हणून ठेवला आणि ताटात ससा बसवला. दुसऱ्या दिवशी काकडीची मगर आली. खाकऱ्याच्या पाठीचे कासव झाले, केळ्याचा मासा झाला. पाकपुस्तकांत अशा पदार्थांसाठी गाजर, मुळा, बटाटा, उकडलेले अंडे यांवाचून पान हलत नाही. यांतील एकही वस्तू घरात येत नसताना तिने हे सारे जमवले, हे तिचे कौतुकच म्हटले पाहिजे. कच्च्या केळ्याने बटाट्याची आणि लाल भोपळ्याने गाजराची जागा घेतली. मुख्य म्हणजे ताट रिकामे होऊ लागले. दुकानातून लवकर येऊन जेवायला बसणारे आजोबाही त्या ताटाकडे मिश्किलपणे पाहत.

मग एका संध्याकाळी नातू आनंदाने ओरडला, "आजी, बघ! मी आधी याचे कान तोडणार, मग डोकं खाणार!"

आजीने हातातली पळी खाली ठेवली. ती काही बोलली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी ससा करण्यासाठी सुनेने इडलीपात्र काढले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "या स्वयंपाकघरात जनावरं करायची नाहीत. करायची असतील तर मी बाहेर बसते."

सून शिकलेली आहे, उलट बोलणारी नाही. तरीही तिने विचारले, "आई, उडीद-तांदूळच तर आहेत. त्यात जीव कुठला?"

प्रश्न चुकीचा नाही. हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो, आणि बहुधा त्याला "आपल्यात चालत नाही" एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे, म्हणूनच पुढच्या पिढीला ते पटत नाही. आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार हजार वर्षांपूर्वीच केला आहे, आणि तोही नेमका कणकेच्या प्राण्याच्या निमित्ताने.

सोमदेवसूरींनी शक ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ मध्ये, 'यशस्तिलकचंपू' पूर्ण केला. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा तो काळ. त्याच शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत पुष्पदंताने हीच कथा अपभ्रंश भाषेत 'जसहरचरिउ' म्हणून लिहिली. तिची संशोधित आवृत्ती १९३१ मध्ये आपल्या विदर्भातील कारंजाच्या जैन ग्रंथमालेत निघाली. कन्नडमध्ये जन्न कवीने १२०९ मध्ये 'यशोधरचरिते' रचले. गिरीश कर्नाडांनी 'हिट्टिन हुंज', अर्थात पिठाचा कोंबडा, हे नाटक त्यावरूनच लिहिले. इतक्या भाषांत आणि इतक्या काळात एकच कथा पुन्हा पुन्हा सांगितली गेली, यावरून तिच्यातला प्रश्न सुटायला सोपा नसावा, असे दिसते.

कथा अशी. उज्जयिनीचा राजा यशोधर याच्यावर अरिष्ट आल्याचे मानून त्याची माता चंद्रमती देवीला बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जिवंत प्राणी मारण्यास ठाम नकार देतो. तेव्हा माता तडजोड सुचवते : खरा नको, पिठाचा कोंबडा करू. आईचे मन मोडवेना म्हणून राजा होकार देतो. पिठाचा कोंबडा देवीपुढे कापला जातो आणि मांस समजून त्याचा प्रसादही खाल्ला जातो. जन्नाच्या काव्यात तर घाव बसताच तो कोंबडा आरवतो. त्यानंतर मायलेकांना जन्मामागून जन्म पशुयोनीत घ्यावे लागतात. पहिल्या जन्मी तो मोर होतो आणि ती कुत्रा. शेवटी दोघेही कोंबडे होतात, आणि मगच त्यांना मनुष्यजन्म लाभतो. मारणारे आणि खाणारे पुष्कळदा त्यांच्याच घराण्यातले.

ही शिक्षा फार कठोर वाटते. पिठाच्या एका गोळ्यासाठी एवढे? येथे 'स्थापना' ही कल्पना ध्यानी घ्यावी लागते. एखादी वस्तू 'ही अमुक आहे' अशा बुद्धीने समोर मांडली की ती केवळ द्रव्य उरत नाही. मंदिरातील मूर्ती पाषाणाचीच असते. तरी आपण पाषाणाला नमस्कार करीत नाही, ज्यांची स्थापना तेथे केली त्यांना करतो. मग मूर्तीपुढे हात जोडताना स्थापना खरी आणि पिठाच्या कोंबड्यावर सुरी चालवताना ती खोटी, असे कसे म्हणता येईल? व्यापाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. धनादेश हाही कागदच असतो, पण "कागदच तर आहे" म्हणून सही केलेला धनादेश कोणी कोणाच्याही हाती देत नाही. सहीबरोबर त्यात देणाऱ्याचा संकल्प उतरलेला असतो. यशोधराने हिंसेच्या धनादेशावर सही केली. खाते रिकामे होते म्हणून सही खोटी ठरत नाही.

घराघरांतील जुन्या बायकांनी ग्रंथ न वाचताही हे सांभाळले. आपल्यातील गुजराती घरांत आजही भाजी 'कापत' नाहीत, ती 'समारतात' किंवा 'सुधारतात'. शब्दानेही हाताला कापण्याची सवय लागू नये, इतकी ती दक्षता. उत्तरेकडे दिवाळीला साखरेचे हत्ती-घोडे मिळतात, कर्नाटकात संक्रांतीला साखरेच्या साच्यांत पक्षी-प्राणी ओततात. आपल्यातील कित्येक घरांत असे शेजारून आलेले हत्ती-घोडे तसेच ठेवले जातात, किंवा त्यांचा चुरा झाल्यावरच त्यांची साखर वापरतात. नव्या सुनांना याचे हसू येते. ते हसू थोडे आवरावे.

तथापि याची दुसरी बाजू सांगितली नाही तर न्याय होणार नाही. ज्या विचाराने यशोधराला दोषी ठरवले, त्यानेच भावाला प्रधान मानले आहे. यशोधराच्या मनात बळीचा संकल्प होता. सुनेच्या मनात मुलाचे पोट भरावे, एवढेच होते. मूल तर खेळत होते. त्याला पापी ठरवून दटावणे, "पुढच्या जन्मी ससा होशील" म्हणून घाबरवणे, हे त्या कथेचे सार खासच नव्हे. भयाने सोडलेली गोष्ट मूल घराबाहेर पडताच पुन्हा धरते. येथे तराजू फार बारीक आहे : पाप किती लागले याचा हिशेब करण्यापेक्षा रोज संध्याकाळी त्या लहान हाताला आणि जिभेला कोणती सवय लागते आहे, एवढे पाहणे पुरेसे आहे. कान तोडण्यात त्याला गंमत वाटली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट होती. आजीने ती घेतली.

प्राण्यांच्या आकाराचे जे खाद्य बाजारातून येते, त्याचा प्रश्न वेगळा आणि अधिक रोकडा आहे. रबरासारखी चिवट, रंगीत अस्वले मुले आवडीने चघळतात. अशा गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते, आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनते. लाल रंगासाठी वापरले जाणारे कार्माइन किड्यांपासून काढतात. वेष्टनावर ते पुष्कळदा केवळ १२० या क्रमांकाने येते. तेथे स्थापनेचा वाद घालण्याचे कारणच नाही, ती सरळ द्रव्यहिंसा आहे. भारतीय वेष्टनावर हिरवी खूण असते. परदेशातून येणारे पाहुणे भेट म्हणून आणतात त्या पाकिटावर ती असेलच असे नाही. पाकीट उलटून बारीक अक्षरे वाचणे हाच उपाय. अमेरिकेत १९०२ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्राणी-बिस्किटांच्या खोक्यावर सिंह-हत्ती पिंजऱ्यात दाखवत. प्राणिमित्रांच्या मागणीवरून २०१८ मध्ये चित्रातले पिंजरे काढले आणि प्राणी मोकळे झाले. खोक्यातले प्राणी मात्र पूर्वीप्रमाणेच खाल्ले जातात. चित्राबाबत जी जाणीव झाली ती बिस्किटापर्यंत पोहोचली नाही, याची गंमत वाटते.

त्या घरात तीन दिवस अबोला नव्हता, पण बोलणेही नव्हते. मुलाने पुन्हा ताट सरकवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी दुपारी आजीने कपाटावरून एक जुनी टोपली काढली. तिच्यात सावंतवाडीची लाकडी खेळणी होती. सुनेच्या नवऱ्याच्या लहानपणची, रंग उडालेली. त्यांत एक ससाही होता. एक कान तुटलेला. तो पुसून तिने ताटाच्या पलीकडे पाटावर ठेवला आणि नातवाला म्हणाली, "हा आज आपल्याकडे पाहुणा आलाय. तू जेवल्याशिवाय हा उठणार नाही."

सुनेने क्षणभर पाहिले आणि कामाला लागली. सशाला यायला गाडी हवी, म्हणून ढोकळ्याचे चौकोनी डबे कापून एकापुढे एक मांडले, काकडीच्या चकत्यांची चाके लावली, इंजिनाच्या धुरासाठी थोडे कुरमुरे ठेवले. दुसऱ्या दिवशी ढोबळी मिरचीच्या अर्ध्या भागात उपमा भरून होडी झाली, पापडाचे शीड उभे राहिले. पाणी म्हणून खाली मुगाचे धिरडे. ठेपल्याच्या त्रिकोणाचे छप्पर आले. अष्टमी-चतुर्दशीला घरात हिरवे नसते. त्या दिवशी खाकऱ्याचा सूर्य आणि बेसनाच्या पुडल्याची किरणे. किरणे मुलानेच फाडून लावली, वेडीवाकडी, आणि म्हणूनच ती त्याने पूर्ण खाल्ली. स्वतः केलेला माल कोणी परत करीत नाही. डोळ्यांसाठी काळी मिरी लावण्याची हौस काहींना असते. लहान मुलाच्या घशात ती अडकू शकते, तेथे मनुकेही अर्धे करूनच द्यावेत. साच्यांची खरेदी करण्याचीही गरज नाही. वाटी, पेल्याची कड आणि ठेपला लाटताना मुलाच्या हातून होणारा कोणत्या तरी देशाचा नकाशा, एवढ्यावर निम्मे काम होते.

सासू-सुनेत कोण जिंकले, हे विचारण्याचे कारण नाही. सशाचे इडलीपात्र पुन्हा निघाले नाही; आणि आजीनेही त्यानंतर "जनावरं" हा शब्द त्या स्वरात उच्चारला नाही. उलट एकदा धिरडे पसरताना त्याला आपोआप हत्तीच्या सोंडेसारखा आकार आला, तेव्हा ती स्वतःच हसली आणि उलथन्याने कड नीट करून तिने ते गोल केले.

मागील महिन्यात शेजारच्या मुलाचा वाढदिवस होता. केक अंडेविरहित आहे, हे यजमान बाईंनी फोन करून आधीच सांगितले होते. आपल्या घरांची एवढी काळजी घेणारे शेजारी लाभणे हे भाग्यच. केक होता सशाचा. पांढरा, गुबगुबीत, भोवती हिरव्या क्रीमचे गवत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुरी मानेवर आली तेव्हा या घरचा नातू आईच्या पदराआड सरकला. त्याला बशी दिली, त्याने हात मागे घेतला. यजमान बाईंचा चेहरा उतरला. आईला काय बोलावे सुचेना. मुलाचे कौतुक करावे तर यजमानांचा अपमान, समजूत घालावी तर कशाची?

"मला गवत द्या," मुलगा म्हणाला.

बाईंनी सुरी फिरवली आणि बाजूचा हिरवा तुकडा काढून त्याच्या बशीत ठेवला. तो त्याने उभ्यानेच संपवला आणि आणखी मागितला.