गाडीतला ‘टेप’ फाटका वाजतो तेव्हा

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी आणि मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाडी स्वस्त झाली, पण सर्वांत कमी किमतीच्या मॉडेलमध्ये गाणी ऐकण्याची सोय बहुधा नसते किंवा नावापुरती असते. त्यामुळे नंदुरबार तालुक्यातले रनाळे असो की दुसरे कोणतेही गाव, नव्या गाडीपुढे नारळ फुटला की पुढची फेरी ‘टेप’ बसवणाऱ्याकडे होते. कॅसेट केव्हाच गेली, शब्द मात्र टिकला. स्क्रीन, चार स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, जमले तर मागे सबवूफर. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. आवाज फाटतो, बेस लागत नाही, इंजिन चालू केले की शिट्टी वाजते. यावर बहुतेकांचा उपाय एकच, आवाज आणखी वाढवणे. दोष वायरिंगचा असतो आणि त्याची किंमत कान मोजतात.

बेस न लागण्याचेच पाहा. स्पीकरला अधिक आणि उणे अशी दोन टोके असतात. चारपैकी एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या, तर बाकीचे पडदे पुढे येतात तेव्हा त्याचा पडदा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो आणि खालच्या पट्टीतला आवाज एकमेकांना मारतो. ढोलकी आणि संबळ कागदी वाटू लागतात. मालकाला वाटते स्पीकर हलका आहे आणि तो सबवूफरच्या खर्चात पडतो. खरे तर तपासणी फुकट आहे. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्यावा, मग पूर्ण उजवीकडे, शेवटी मध्यावर आणावा. एका बाजूला भरदार वाटणारा बेस मध्यावर आल्यावर पातळ झाला, तर कुठेतरी वायर उलटी आहे असे समजावे. कोणता स्पीकर हे शोधायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. स्पीकरच्या वायरी टेपपासून सोडवून सेलचे अधिक टोक अधिकला आणि उणे टोक उणेला क्षणभर टेकवले, की पडदा पुढे यायला हवा. मागे गेला तर जोडणी उलटी.

शिट्टीचे कारण वेगळे. अल्टरनेटर तयार करतो ती वीज आधी उलटसुलट वाहणारी असते, नंतर ती सरळ केली जाते. त्यात थोडी लहर उरते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढत असेल, तर ही लहरच स्पीकरपर्यंत पोहोचते आहे. टेप आणि अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग दोन वेगळ्या जागी असली, अर्थिंगचा बोल्ट रंगावरच कसलेला असला किंवा गाण्याचा सिग्नल नेणारी वायर बॅटरीच्या जाड वायरीला चिकटून नेली असली की असे होते. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट जोड आणि दोन वायरी गाडीच्या दोन बाजूंनी, इतक्यावर बरेचसे भागते. त्याआधी मोबाइलचा चार्जर काढून पाहावा. स्वस्त चार्जर रेडिओतही खरखर आणतो आणि दोष टेपवाल्याच्या माथी बसतो.

फाटक्या आवाजामागे खोक्यावरचा आकडा असतो. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेले असते. पण गाडीची वीज इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास. तेवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला साधा टेप सलग २० वॅटच्या आसपासच देऊ शकतो. त्यापुढे बटण फिरवले तर ताकद फारशी वाढत नाही, लहरीचे माथे मात्र सपाट कापले जातात. कानाला ते फाटके लागते आणि स्पीकरची कॉइल तापून जळू शकते.

मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या बाजाराकडे जाणाऱ्या पिकअपच्या केबिनचा विचार करावा. इंजिनची घरघर, काचांतून येणारा वारा, रस्त्याचे दणके. हा गोंगाट गाण्यातला खालचा सूर झाकतो, म्हणून चालक आवाज या सगळ्याच्या वर नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित असते. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते, १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटांवर. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

लग्नसराईत आणि गणेशोत्सवात डीजेवर दरवर्षी वाद होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा परिसरात पसरणाऱ्या आवाजाची आहे. बंद काचांच्या आत चालक स्वतःच्या कानांवर काय ओततो, ते कोणी मोजत नाही.

आवाजापेक्षा तातडीचा धोका आगीचा. अ‍ॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून येते. तिच्यावर फ्यूज हवाच, तोही बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत. तो अ‍ॅम्प्लिफायर वाचवायला नसून वायर पेटू नये म्हणून असतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार गुंडाळायची पद्धत सर्रास दिसते. वायर पत्र्यावर घासून सोलली गेली, तर ती तार उडत नाही. वायर लाल होते आणि शेजारचा गालिचा पेटतो. कंपनीची वायर कापण्याऐवजी कपलर वापरला तर वॉरंटीचा वादही टळतो.

कानांचीही एक घरगुती परीक्षा आहे. रात्री टेप ज्या आवाजावर बंद केला, त्याच आवाजावर सकाळी तो सुरू करून पाहावा. चालक दचकला, तर रात्रीपर्यंत कान थकून बधिर झाले होते. रात्रभराच्या शांततेत ते सावरले, एवढेच. गाडी बंद केल्यावर कानात गुंई असा आवाज उरत असेल किंवा समोरचा काय म्हणतो ते पुन्हा विचारावे लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.