मोरी कोणी खाल्ली?



मागच्या पावसाळ्यात पनवेल तालुक्यातल्या खाडीकडच्या एका गावात सहा शेतकऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. गुन्हा काय, तर त्यांनी भर पावसात, रात्री, टिकाव-फावडी घेऊन गावचा नवा रस्ता आडवा कापला. सरकारी मालमत्तेचे नुकसान. रस्ता कापला नसता तर वरच्या अंगाची सगळी लावणी कुजली असती. तरी निम्मी गेलीच. रस्ता दोन फूट उंच केला होता, मुरूम घालून, रोलर फिरवून, वर डांबर टाकून. काम दिसायला चांगले होते. पण जुन्या रस्त्याखाली दोन ठिकाणी दगडी मोऱ्या होत्या, त्या नव्या रस्त्यात नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी एकच सिमेंटचा पाइप आला, तोही पहिल्या पुरात गाळाने बुजला. दोन फूट उंचीचा रस्ता म्हणजे दोन फूट उंचीचा बांध. पाणी आठ दिवस हलले नाही.

आम्ही नेहमीप्रमाणे घोषणा तयार करून गेलो. 'मोरी कोणी खाल्ली?' ठेकेदाराने खाल्ली, हे आम्ही धरूनच चाललो होतो. कागद मागितले. शाखा अभियंत्याने अंदाजपत्रक, नकाशा, मोजमाप पुस्तिका, सगळे टेबलावर ठेवले. मोरी अंदाजपत्रकातच नव्हती. जी वस्तू कागदावर नाही, तिचे बिल नाही, आणि जिचे बिल नाही, ती खाणार कोण? मोरी कोणी खाल्ली नव्हती. ती कोणाच्या डोक्यातच आली नव्हती.

तो अभियंता कोणत्या खात्याचा, ते मुद्दाम लिहीत नाही; पोराची बदली व्हायची. मराठवाड्यातला, तिशी ओलांडलेला, डोळ्यांत पाणी आणून सांगत होता, "साहेब, पाहणी मार्चमध्ये केली. शेतं कोरडी होती. आमच्याकडे पाणी नाल्यातून वाहतं. इथे अख्खं शेतच वाहतं, हे मला कोण सांगणार होतं?" नोकरीला नऊ वर्षे झालेली. या नऊ वर्षांत एकच प्रशिक्षण मिळाले, तीन दिवसांचे, आणि ते ई-निविदा संगणकावर कशी भरावी याचे.

तो प्रश्न मला घरी येईपर्यंत सोडेना. कोण सांगणार होतं? आमच्या गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याने सांगितले असते. खारभूमीतल्या माणसाला बांध, उघाडी आणि भरती-ओहोटीचे पाणी शिकवावे लागत नाही. पण त्या म्हाताऱ्याला कोणी विचारले नाही, आणि ज्याने विचारायचे, त्याला विचारायचे असते हे कोणी शिकवले नाही.

आता मुळाशी जाऊ. रस्त्याला पैसा कुठून येतो, आणि तो खर्च करणारा माणूस शिकतो कुठे? हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे आपण समजतो. एकेकाळी ते एकच होते. १९२७ मध्ये इंग्रज सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली. अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२८ मध्ये अहवाल आला. समिती म्हणाली, रस्त्यांचा बोजा प्रांतांना आणि लोकल बोर्डांना झेपत नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. १९२९ पासून गॅलनला दोन आणे जादा बसू लागले, केंद्रीय रस्ते निधी जन्माला आला. पण जयकर एवढ्यावर थांबले नाहीत. रस्त्यांच्या इंजिनिअरांनी वेळोवेळी एकत्र बसून एकमेकांचे अनुभव तपासावेत आणि संशोधनाची सोय असावी, हेही त्याच समितीचे म्हणणे. त्यातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, आणि पुढे स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये दिल्लीला केंद्रीय रस्ते संशोधन संस्था. पैसा आणि ज्ञान एकाच गाडीची दोन चाके, असा तो हिशेब होता.

यातले पैशाचे चाक चांगले फिरले. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपया रस्त्यांसाठी म्हणून बसला. २००० मध्ये केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. २०१८ मध्ये त्याच निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' घुसल्या आणि रस्त्यांशिवाय इतर कामांनाही तो खुला झाला. हा कर आपला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला काय आणि न आला काय, भरावाच लागतो. चिखलणी करताना जळालेल्या डिझेलवरही तो आपण भरतो. एसटीच्या तिकिटात वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर आपणच भरला. तेव्हा रस्ता ही सरकारची मेहेरबानी नाही, आपल्याच पैशाचा माल आहे. तो बनवणारा कारागीर कसा आहे, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मोठ्या कामांचा कारागीर शिकलेला असतो, कारण तिथे कर्ज देणारा डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. आपल्याच पंचक्रोशीत पाहा. कळंबोलीपासून सुरू होणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. तो करणारे रस्ते विकास महामंडळ १९९६ चे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू चिर्ल्याला उतरला, जवळजवळ बावीस किलोमीटर, जपानच्या जायकाचे कर्ज. त्या पुलासाठी या देशात पूर्वी न वापरलेल्या पद्धतीच्या पोलादी तुळया बसवल्या, आणि त्या कशा बसवायच्या ते आपले इंजिनिअर शिकले. शिकता येते, पैसा असला आणि कोणी हट्ट धरला की येते. मग चिर्ल्यापासून चार-सहा किलोमीटरवरच्या गावाला मोरी का मिळू नये?

कारण गावचा रस्ता वेगळ्या खिशातून होतो. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीला गेलेल्या कार्यकर्त्यांना '३०५४' आणि '५०५४' हे आकडे पाठ आहेत. पहिले लेखाशीर्ष देखभाल-दुरुस्तीचे, दुसरे नव्या बांधकामाचे. नव्या कामाला नारळ फुटतो, पाटी लागते, फोटो निघतो. गाळ काढलेल्या मोरीचा फोटो कोण काढणार? त्यामुळे ओढ सगळी नव्याकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० पासून एक शहाणपणाची गोष्ट केली, ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकली. पण पाच वर्षे देखभाल झाली की नाही हे पाहायचे कोणी? पुन्हा त्याच शाखा अभियंत्याने.

ज्ञान शिळे होते, हे आपल्याला समजावून सांगायला नको. दापोलीला शिकलो तेव्हा जया आणि रत्ना ही भाताची नावे आम्ही पाठ केली होती. आज त्या जातींच्या जोरावर मी तुम्हाला सल्ला देऊ लागलो तर तुम्ही मला बांधावर उभा करणार नाही. डांबराचेही तसेच. ज्या इंजिनिअरने नव्वदच्या दशकात पदवी घेतली, तो डांबराची प्रत सुईच्या शिरकावावरून शिकला, ६०/७०, ८०/१०० अशी. २००६ मध्ये भारतीय मानक बदलले, प्रत चिकटपणावरून ठरू लागली. रस्त्याच्या थरांची जाडी ठरवणारे रोड्स काँग्रेसचे पुस्तक २००१, २०१२, २०१८ असे पुन्हा पुन्हा सुधारले. पाण्याच्या निचऱ्याचे वेगळे पुस्तक आहे, लहान पूल आणि मोऱ्यांचे वेगळे. पुस्तकाची कमतरता नाही. ते शाखा अभियंत्याच्या टेबलापर्यंत आणि टेबलावरून त्याच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, ही कमतरता आहे.

डॉक्टरला महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत तीस तासांचे शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत इंजिनिअरचा परवाना टिकवायचा तर ठरावीक तास वर्गात बसावे लागते. आपल्याकडे वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. पुलाच्या पायावर सही करणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरसाठी देशात असा परवान्याचा कायदा आजवर झाला नाही. एकदा पदवी मिळाली की निवृत्तीपर्यंत पुरते. आणि गंमत ऐका. आपल्याला खत-औषध विकणाऱ्या दुकानदारासाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ पासून वर्षभराचा पदविका वर्ग चालवला आहे. आठवड्यातून एक दिवस, चाळीस दिवस वर्गात आणि आठ दिवस शिवारात. पुढे परवान्याच्या अटी बदलल्या तेव्हा पन्नाशीचे दुकानदार वह्या घेऊन त्या बाकांवर बसले. युरियाचे पोते विकायला शिवारातले आठ दिवस लागतात. पूल तपासायला किती?

पूल म्हटला की आपल्या जिल्ह्याला सावित्री आठवते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि एक मोटार माणसांसकट घेऊन. पूल १९२८ चा, म्हणजे ज्या वर्षी जयकरांचा अहवाल आला, त्याच वर्षीचा. त्याच मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे सरकारनेच नंतर सांगितले. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये वाहतूक सुरू झाली. म्हणजे पैसा मिळत होता, ठेकेदार मिळत होता, वेगही मिळत होता. पाहणी करणाऱ्या कोणा एकाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. पाण्याखालचा पाया वरून दिसत नाही, तो कसा तपासायचा हे वेगळे शास्त्र आहे, आणि ते शिकवल्याशिवाय येत नाही. एवढेच म्हणणे आहे.

आमच्यातले काही कार्यकर्ते या मुद्द्यावर चिडतात. म्हणतात, "तुम्ही इंजिनिअरची वकिली कशाला करता? सगळा भ्रष्टाचार आहे. चोराला शाळेत घातले तर हुशार चोर बाहेर येईल." या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. पळस्पे ते इंदापूर ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटले तरी त्याचे रडगाणे हायकोर्टात चालू होते. तो काही निव्वळ अज्ञानाचा खेळ नव्हे. पण मी उलटे विचारतो. खडीच्या थराची जाडी कमी आहे हे ज्याला ओळखताच येत नाही, तो प्रामाणिक असून काय उपयोग? चोराला सगळ्यात सोयीचा काय, तर अडाणी आणि भला साहेब. त्याची सही फुकट मिळते. आणि जाणकार साहेब खात असेल तर 'मला माहीत नव्हते' ही त्याची पळवाट बंद होते. आज ती सर्रास उघडी आहे.

दुसरी शंका पैशाची. खात्यात पगाराला पैसा नाही, प्रशिक्षण कुठून आणणार? केंद्राच्या २०१२ च्या प्रशिक्षण धोरणात लिहिले आहे की, प्रत्येक खात्याने पगाराच्या तरतुदीतले निदान अडीच टक्के शिक्षणासाठी बाजूला ठेवावेत. नाशिकला इंजिनिअरांची राज्य प्रशिक्षण अकादमी आहे, नोएडाला महामार्ग अभियंत्यांची १९८३ पासूनची संस्था आहे. इमारती बांधून झालेल्या आहेत. आपण मागायचे ते इतकेच की, जिल्ह्याच्या रस्त्यांच्या पैशातला एक ठरावीक भाग या कामासाठी दरवर्षी लिहून ठेवावा, आणि ज्या अभियंत्याचे त्या वर्षीचे शिक्षण झाले नाही, त्याची सही नव्या अंदाजपत्रकावर चालू नये.

आणि वर्ग सगळे नाशिकला नकोत. ऐंशीच्या दशकात शेती खात्यात 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत आली होती. आमच्या आधीच्या पिढीतले कृषी सहायक सांगतात, पंधरवड्याला एक दिवस शिकायचे आणि उरलेले दिवस ठरलेल्या गावांत, ठरलेल्या वारी, ठरलेल्या शेतकऱ्यांना भेटायचे. पुढे त्या पद्धतीची कागदी रया झाली, हे खरे. मी तिची आरती ओवाळत नाही. पण तिच्या मुळाशी एक अक्कल होती, शिकणे आणि शिवार एकमेकांपासून तोडू नये. कोकणात नेमणूक झालेल्या प्रत्येक इंजिनिअरने पहिल्या पावसाळ्यात निदान आठ दिवस गुडघाभर पाण्यात, गावकऱ्यांबरोबर, पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहावे. मार्चमध्ये कोरड्या शेतात उभे राहून ते दिसत नाही. त्याला भत्ता द्या, रेनकोट द्या, आमच्याकडची भाकरी-सुकट आम्ही देऊ.

त्या सहा जणांवरचा गुन्हा अजून मागे घेतलेला नाही. त्या पोरानेच वरिष्ठांना लेखी कळवले की, मोरी न धरणे ही पाहणीतली चूक होती. त्याला त्यासाठी काय सोसावे लागेल ते पुढे दिसेल. त्याच्या मागे आपण उभे राहायचे आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. सुधारित अंदाजपत्रकासाठी गावातले दोन म्हातारे त्याच्याबरोबर बांधाबांधाने फिरले आणि तीन जागा दाखवल्या. जुन्या मोऱ्या दोनच होत्या. तिसरी जागा कशाला, असे त्याने विचारले, तेव्हा म्हातारा म्हणाला, "वरच्या अंगाला भराव घातलाय ना बाबा, आता पानी इकडून येतंय."

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. आपल्या गावाच्या रस्त्यांवर मोऱ्या किती होत्या, आज किती उघड्या आहेत, किती बुजल्या, किती रस्त्याखाली गाडल्या गेल्या, आणि पाणी किती दिवस तुंबते. गट नंबर घालून, सह्या करून आणा. त्याच कागदांची चळत घेऊन आपण पालकमंत्र्यांच्या समोर जिल्हा नियोजन समितीत जाणार आहोत.