बोस्टनची ती रात्र

पाश्चात्त्य संगीताचा जाहीर कार्यक्रम म्हटला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. कानठळ्या बसविणारा आवाज, दिव्यांचा लखलखाट आणि देहभान विसरून नाचणारी तरुण मुले! हे चित्र सर्वस्वी खोटे आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेवढ्यावरून त्या संगीताचे मोल ठरवून मोकळे होणे न्याय्य होईल काय? असा निवाडा करण्यापूर्वी ५ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात काय घडले, ते पाहावे.

आदल्या दिवशी सायंकाळी मेम्फिस येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. वॉशिंग्टन, शिकागो यांसह शंभरावर शहरांत त्या दिवसांत दंगली उसळल्या. नेमक्या ५ तारखेच्या रात्री ‘बोस्टन गार्डन’ या विशाल सभागृहात सोल आणि फंक संगीताचे अग्रणी जेम्स ब्राऊन यांचा कार्यक्रम ठरलेला होता. हजारो संतप्त तरुण एका छताखाली जमणार, या धास्तीने तो रद्द करण्याचा विचार पुढे आला. तेव्हा नगरपरिषदेचे कृष्णवर्णीय सदस्य टॉम अॅटकिन्स यांनी महापौर केविन व्हाइट यांना सावध केले. शोकाकुल तरुणांना बंद दारांसमोर उभे करणे अधिक घातक ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर कार्यक्रम करावयाचा आणि तो दूरचित्रवाणीवरून थेट दाखवावयाचा, असे ठरले. लोक घरीच थांबावेत, हा त्यातील हेतू. तिकीटविक्री बुडणार म्हणून ब्राऊन यांनी भरपाई मागितली, हेही नमूद केले पाहिजे. ते संत नव्हते, व्यवहारी कलावंत होते.

चौदा हजारांच्या आसपास क्षमतेच्या त्या सभागृहात जेमतेम दोन हजार श्रोते आले. उरलेले शहर घरोघरी पडद्यासमोर बसले होते.

या संगीताचे मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील सामूहिक गायनात आहे. मुख्य गायकाने ओळ टाकावी आणि सभेने ती उचलावी, आपल्या कीर्तनात टाळकरी ध्रुपद उचलतात तशी. म्हणून तेथील श्रोता केवळ ऐकणारा राहत नाही, तो त्या गाण्याचा भागीदार होतो. ब्राऊन यांनी त्यात पहिल्या मात्रेवर जोर देणारा ठाशीव ठेका आणला. वरकरणी हा सारा उन्माद भासतो. परंतु चुकीच्या स्वराबद्दल आणि न चमकणाऱ्या बुटांबद्दलही आपल्या वादकांना दंड करणारे ब्राऊन शिस्तीचे किती कठोर होते, हे जाणकारांना ठाऊक आहे.

कार्यक्रम संपत आला असता काही तरुण रंगमंचावर चढले. पोलीस त्यांना ढकलू लागले. एखादी लाठी बसली असती, तर घरोघरी ते दृश्य दिसले असते आणि पुढचा अनर्थ सांगावयास नको. ब्राऊन यांनी पोलिसांना मागे सरण्यास सांगितले. मग ते त्या मुलांकडे वळले. असे वागून तुम्ही आपलाच आणि आपल्या समाजाचा मान घालविता आहात, अशा आशयाचे खडे बोल त्यांनी सुनावले. मुले खाली उतरली. गाणे पुन्हा सुरू झाले. इतर शहरे धुमसत असताना बोस्टनची ती रात्र तुलनेने शांततेत पार पडली.

हा अधिकार ब्राऊन यांना कोणी दिला? विपन्नावस्थेत वाढलेला, ऑगस्टा शहरात लोकांचे बूट पुसणारा आणि कोवळ्या वयात चोरीपायी तुरुंग पाहिलेला हा माणूस त्या मुलांना परका नव्हता. आपल्या माणसाने रागावावे आणि आपण ऐकावे, असे ते नाते होते. बाहेरून लादलेला बंदोबस्त गर्दीला काही काळ दाबू शकतो. तिला आत्मसन्मानाची आठवण करून देणे त्याला साधत नाही.

एका रात्रीच्या गाण्याने अन्याय संपला, असा भाबडा दावा मात्र कोणी करू नये. कृष्णवर्णीय व गौरवर्णीय मुलांना एकत्र शिकविण्याच्या न्यायालयीन आदेशावरून १९७४ मध्ये याच बोस्टनमध्ये हिंसाचार झाला. शांतता म्हणजे न्याय नव्हे. तरीही त्या रात्री जे जीव आणि ज्या वस्त्या वाचल्या असतील, त्यांचे मोल कमी होत नाही.

तेव्हा घरातील मुलाने अशा एखाद्या कार्यक्रमास जाण्याची परवानगी मागितली, तर केवळ आवाजाकडे पाहून नकार देऊ नये. तो कलावंत आपल्या श्रोत्यांना गिऱ्हाईक मानतो की आपली माणसे, आणि प्रसंग पडल्यास त्यांना चार खडे बोल सुनावण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे काय, हे अवश्य विचारावे. हा प्रश्न आपल्याकडील मैफलींना आणि उत्सवांतील व्यासपीठांनाही तितकाच लागू आहे.