खालाजानची चप्पल

दौंडच्या खालाजानच्या पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा. घरी येऊन पाय धुताना लक्षात यायचं. तळपायाला मुंग्या यायच्या, आणि पहाटे अंधारात वुजूला उठली की ती भिंत धरून चालायची. ‘उमर का तकाज़ा है,’ असं सगळे म्हणायचे. विज्ञान शिकवणारी मीही तेच म्हटलं, याची आता लाज वाटते. शेवटी एका डॉक्टरांनी रक्तातलं बी-१२ तपासायला सांगितलं. ते फारच कमी निघालं.

बी-१२ आणि चप्पल यांचा संबंध समजायला मेंदूत शिरावं लागतं. दहावीच्या पुस्तकात मूलपेशी आहेत, पण त्यांच्यापासून नसांचं वेष्टन कसं बनतं ते नाही. मेंदूतल्या मूलपेशीपासून आधी एक पूर्वज पेशी तयार होते. ती फिरते, विभागते. वाढीचा संकेत पकडणारी खास प्रथिनं तिच्या अंगावर असतात. मग ती प्रथिनं कमी होत जातात, विभागणं थांबतं, पेशीला फांद्या फुटतात आणि पीएलपी, एमबीपी अशी वेगळीच प्रथिनं भराभर बनू लागतात. जनुकं तीच असतात, प्रथिनांचा संच मात्र बदलतो. आता ती ऑलिगोडेंड्रोसाइट झाली. तिची एकेक फांदी जवळच्या चेतातंतूभोवती पदरावर पदर गुंडाळते. हे वेष्टन म्हणजे मायलिन.

त्यातलं एमबीपी मोठं मजेशीर आहे. ते पेशीच्या मध्यभागी बनवून पाठवलं जात नाही. त्याचा आरएनए फांदीच्या टोकाला नेतात आणि प्रथिन तिथेच तयार होतं, कारण ते इतकं चिकट की वाटेतच भलत्या ठिकाणी चिकटायचं. पराठ्याचे पदर सुटे व्हावेत म्हणून आपण तूप लावतो. इथे मेद भरपूर असूनही पदर घट्ट चिकटलेले हवेत, आणि ते काम एमबीपी करतं.

वेष्टनाच्या दोन तुकड्यांमध्ये छोटी फट असते, आणि संदेश एका फटीतून दुसरीत जणू उडी मारत जातो. यवत, केडगाव, पाटस करत येणारी लोकल आणि पुण्याहून सुटून थेट दौंडला थांबणारी एक्सप्रेस यांच्यात जो फरक, तोच इथे.

मायलिनची प्रथिनं आणि मेद धड राहण्यासाठी पेशीत जी रासायनिक साखळी चालते, तिला बी-१२ लागतं. ते फार दिवस कमी पडलं की मज्जारज्जूतलं वेष्टन सुजतं, विरतं. पाय कुठे टेकला हे मेंदूला कळवणाऱ्या तंतूंवर ही पाळी लवकर येते. उजेडात डोळे सांभाळून घेतात. अंधारात भिंत लागते.

‘आपण गोश्त खातो, आपल्याला कशाला कमी पडेल?’ हा आपला लाडका समज. खालाजानच्या घरी गोश्त रविवारी. बोट्या मुलांच्या आणि पुरुषांच्या ताटात, तिच्या वाटीत शोरबा. शिवाय शुगरसाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन. या गोळीने बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण घटू शकतं. म्हणून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून तपासणी करायची.

हे एका घरापुरतं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आपल्या शिरूर तालुक्यातली पाबळ आणि केंदूर त्यात आहेत. दर तिघींपैकी दोघींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. बाळाच्या मेंदूत मायलिन चढायला गरोदरपणातच सुरुवात होते आणि जन्मानंतरची दोन वर्षं ते काम जोरात चालतं. याच गावांत जन्मलेली मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून, त्यांना बी-१२ देऊन पाहिलं. पुढे त्यांतल्या मुली आई झाल्या. संख्या लहान होती, पण नुसतं बी-१२ मिळालेल्या आयांची बाळं दोन वर्षांची असताना समज आणि भाषा या चाचण्यांत पुढे होती. म्हणजे लग्नाआधीच्या मुलीच्या ताटात अंडं, दूध, दही, कलेजी काय पडतं, हा सुद्धा मेंदूचाच प्रश्न झाला.

खालाजानला इंजेक्शनं चालू आहेत. मुंग्या कमी झाल्या. तळव्याची जाण पूर्ण आली नाही. उशीर झाला की सगळं परत येतंच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी तिला मागे पट्टा असलेले सँडल आणून दिले. पट्टा लावायला वाकावं लागतं म्हणून ती ते घालत नाही.