अंगतपंगत युरोपची, ऊन येडशीचे

उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली, की वर्गावर्गांतून अंगतपंगतीचे बेत सुरू होतात. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा आणि सर्वांनी मिळून खायचे, ही चाल जुनीच आहे. अलीकडे त्यात एक नवी हौस शिरली आहे. पोहे, धपाटी, शेंगांची चटणी यांऐवजी 'युरोपियन' न्याहारी करायची! सँडविच, चीज लावलेले टोस्ट, क्रीमचे केक, मेयोनेज घातलेले बटाट्याचे सॅलड असे एकेका घासाचे, हाताने उचलून खाण्याचे पदार्थ मांडायचे. आपल्याकडे बहुतेक जेवण हातानेच होते, तेव्हा यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. पण या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. आज वडापावाला कोणी परका म्हणत नाही.

माझे म्हणणे निराळे आहे. पदार्थ कोणत्याही देशाचा निवडा, पण तो जेथे खायचा तेथील हवा विचारात घेऊन निवडा. एप्रिलमध्ये येडशीला सकाळी सातला हवा सुखद असते. पण साडेदहा-अकराला रामलिंगच्या दरीत, झाडाखाली बसूनही, पारा पस्तिशीच्या पुढे गेलेला असतो. पाककृतीच्या पुस्तकात 'सामान्य तापमानाला ठेवा' असे लिहिलेले असते, तेव्हा ते कोणत्या गावचे सामान्य तापमान, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

काकडीच्या सँडविचचे उदाहरण घेऊ. हा इंग्लंडचा पदार्थ. पावाच्या पातळ कापांना लोणी लावायचे, वर काकडीच्या चकत्या आणि मीठ. यातले लोणी केवळ चवीसाठी नसते. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि मीठ लागताच परासरणामुळे ते बाहेर येऊ लागते. पाणी आणि स्निग्ध पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून लोण्याचा थर पावाला जलरोधक अस्तरासारखा उपयोगी पडतो. लंडनमध्ये उन्हाळ्यातही दुपारचे तापमान सरासरी २३ अंश से.च्या आसपास असते, तेव्हा लोणी घट्ट राहते आणि अस्तर टिकते. पण लोणी सुमारे ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे येडशीच्या सकाळी हे अस्तर स्वतःच पातळ होऊन पावात मुरते आणि मागोमाग काकडीचे पाणीही. दहाच्या सुमारास डबा उघडला, तर आत लगदा! करणाऱ्याच्या हातात काही उणे नसते. पदार्थच दुसऱ्या तापमानासाठी घडवलेला असतो.

लगदा झाला तर फार तर हिरमोड होईल. खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अन्नातून विषबाधा करणारे बहुतेक जंतू ५ ते ६० अंश से. या पट्ट्यात वाढतात आणि ३५ ते ४० अंश हे त्यांतील अनेकांचे आवडते तापमान. अनुकूल परिस्थितीत काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. सकाळी सातला डब्यात एक जंतू असेल, तर दहा वाजता किती होतील? तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे ५१२. सुरुवातीस हजार असतील, तर पाच लाखांच्या वर. म्हणूनच नाशवंत अन्न दोन तासांहून अधिक उघड्या तापमानात ठेवू नये असे सांगतात. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर ही मुदत एकच तास धरावी, असा अमेरिकेच्या कृषिखात्याचा सल्ला आहे. आपल्या उन्हाळ्याला हा दुसरा नियम लागू पडतो.

येथे दोन समजुती आड येतात. पहिली, 'वास येत नाही, म्हणजे चांगले आहे'. आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे अन्नाचा वास किंवा चव बदलेलच असे नाही. दुसरी, 'पुन्हा गरम केले की झाले'. आपल्या नाकात आणि त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू अन्नात एक विष तयार करतो. जंतू उकळण्याने मरतो, पण ते विष अर्धा तास उकळूनही नष्ट होत नाही. बटाटा उकडून झाल्यावर हाताने कुस्करला, हाताने वळला आणि तासन्‌तास ठेवला, तर उकडण्याचा फायदा गेलाच म्हणायचा. हाताने करायच्या आणि हाताने खायच्या पदार्थांत साबणाने धुतलेले हात हा पहिला जिन्नस होय.

मेयोनेजबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण हल्ली ते सर्वत्र दिसते. घरी करताना त्यात कच्च्या अंड्याचा बलक असतो आणि त्यातून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. तेलंगण राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर एक वर्षासाठी बंदी घातली होती. येडशीच्या उन्हात डब्यातून नेण्याजोगा हा पदार्थ नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग युरोपचे काहीच करू नये काय? अवश्य करावे, पण युरोप म्हणजे केवळ इंग्लंड नव्हे. नकाशात स्पेनमधील सेव्हिल शहर पाहा. तेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. इटलीचा दक्षिण भाग आणि ग्रीस हेही कडक उन्हाचे प्रदेश. तेथील खाणे पाहिले, तर लोण्याऐवजी ऑलिव्हचे तेल, सायीऐवजी दही, व्हिनेगर, लिंबू, लसूण आणि कडक भाजलेला पाव अशी सामग्री दिसते. ऊन सोसणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने केलेली ही निवड आहे आणि ती आपल्या निवडीशी जुळते.

या अनुभवामागचे शास्त्र दोन शब्दांत सांगता येते : कोरडे आणि आंबट. जंतूंना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. ग्रीसमधील क्रीट बेटावर बार्लीचा पाव दोनदा भाजून कडक करतात. सोलापूरकडची कडक भाकरी हीच युक्ती ज्वारीवर करते. दोन्हींतले पाणी जवळजवळ काढून टाकलेले असते, म्हणून त्या दिवसेंदिवस टिकतात. आपल्या भूम भागातला खवा उन्हात लवकर बिघडतो. तोच आणखी आटवून, साखर घालून केलेला पेढा अधिक टिकतो, कारण उरलेले पाणी साखरेने बांधून ठेवलेले असते. आंबटपणाचेही तसेच. दह्याचा पीएच साधारण ४ ते ४.५ असतो आणि अशा आम्लतेत बहुतेक रोगजंतूंची वाढ खुंटते. बिघाड थांबत नाही, पण लांबतो.

आता बेत ठरवू. इटलीतील ब्रुशेटा हा पदार्थ म्हणजे भाजलेल्या पावावर लसूण, टोमॅटो आणि तेल. पावाचे काप मंद तव्यावर कडक करून कोरड्या डब्यात न्यावेत, किंवा सरळ कडक भाकरीचे तुकडे घ्यावेत. टोमॅटो आणि लिंबू तेथेच चिरावेत, मीठ घालावे आणि खाण्याच्या क्षणी वर ठेवावेत. ग्रीसचे झाझिकी म्हणजे चक्क्यात लसूण, मीठ आणि पिळून घेतलेली काकडी. आपल्या कोशिंबिरीचे सख्खे भावंड! त्यात बुडवून खाण्यास गाजराच्या कांड्या. त्यांबरोबर खारी आणि साधी बिस्किटे. द्राक्षे स्वच्छ धुऊन आणावीत. कलिंगड मात्र अखंड न्यावे आणि तेथेच कापावे. त्याचा गर आंबट नसतो, म्हणून आदल्या रात्री कापलेल्या फोडी धोक्याच्या. स्पेनचे बटाट्याचे जाड आम्लेट हवेच असेल, तर ते त्याच सकाळी आतपर्यंत शिजवून तासाभरात संपवावे. ते जमणार नसेल, तर त्याचा मोह सोडावा.

चक्का थंड कसा न्यायचा? येथे येडशीचे ऊन आपल्या मदतीला येते. पाण्याची वाफ होताना ते सभोवतालची उष्णता शोषून घेते. ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्याला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे १०० ग्रॅम पाणी उडाले, तर ५८,००० कॅलरी गेल्या. तेवढी सगळी उष्णता पाण्यातूनच घेतली गेली, तर ५.८ लिटर पाणी १० अंशांनी थंड होईल. माठाचे रहस्य हेच. पसरट मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून तीत झाकणाचा स्टीलचा डबा रोवावा, वर ओले फडके टाकावे आणि भांडे सावलीत, वाऱ्याला ठेवावे. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने सुमारे २३ अंशांपर्यंत उतरणे तत्त्वतः शक्य असते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा २८ अंशांच्या आसपास येते. आपली कोरडी हवा या बाबतीत श्रीमंत आहे! मात्र २३ अंश म्हणजे ५ अंश नव्हे. ही युक्ती आंबट चक्क्याला पुरेशी आहे. क्रीम किंवा मांस तिच्या भरवशावर ठेवू नये.

हे तुम्ही स्वतः तपासून पाहा. दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही वाऱ्यात टांगा. दर पंधरा मिनिटांनी नोंद करा. तसेच तीन चमच्यांत लोणी, तूप आणि चॉकलेट ठेवून कोणते केव्हा वितळते ते लिहून काढा. पंगतीचा बेत या आकड्यांवरून ठरवा.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. अंगतपंगतीत कोणाचा डबा 'भारी' याची चढाओढ लागू देऊ नका. अनेक घरांत आजही फ्रिज नसतो, आणि असला तरी सहाला बाहेर काढलेला पदार्थ दहाला खाल्ला, तर चार तास उन्हातच गेलेले असतात. केक आणणाऱ्याने मिरवावे आणि भाकरी आणणाऱ्याने डबा झाकून बसावे, असे होत असेल, तर ती पंगत नव्हे. विज्ञानाच्या कसोटीला त्या दिवशी कडक भाकरीच अधिक गुण मिळवते, हे वर्गात आकड्यांनिशी दाखवून द्या.

त्यासाठी माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी असावी : पदार्थ कोणता, किती वाजता केला, किती वाजेपर्यंत खावा, आणि त्यात अंडे किंवा शेंगदाणे आहेत काय. शेंगदाण्यांची किंवा अंड्यांची ॲलर्जी असणारे मूल कोणत्याही वर्गात असू शकते. वेळ उलटलेला डबा कोणाचाही असो, मुख्याध्यापकांचा असला तरी, तो पंगतीत वाढू नये. उरलेसुरले रामलिंगच्या माकडांपुढे टाकू नये. अभयारण्यातील प्राण्यांना आपल्या खाण्याची सवय लावणे त्यांच्या हिताचे नाही. चार ओळींची ती चिठ्ठी लिहिण्यास अर्धे मिनिट लागते आणि तेवढ्यात पंगतीतल्या चाळीस मुलांची काळजी घेतली जाते.