कॅरी ऑन... निरागस म्हणे!

मंडळी, एक तक्रार हल्ली फार कानावर येते. पूर्वी लोक मोकळेपणाने हसायचे, आता कशावर विनोद करायची सोयच राहिली नाही! आपल्याकडे ही तक्रार दादा कोंडक्यांचं नाव घेऊन केली जाते. आमच्या गोव्यात हिवाळा काढायला येणारे वयस्कर ब्रिटिश पर्यटक तीच तक्रार ‘कॅरी ऑन’ चित्रपटांचं नाव घेऊन करतात. बार्देशातल्या किनाऱ्यावर त्यांच्याशी गप्पा मारताना ती इतक्यांदा ऐकली आहे की म्हटलं, एकदा याचा सोक्षमोक्ष लावूच.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५८ साली ‘कॅरी ऑन सार्जंट’ आला आणि चालला. मग निर्माता पीटर रॉजर्स आणि दिग्दर्शक जेराल्ड थॉमस या जोडीने १९७८ पर्यंत तब्बल तीस चित्रपट काढले. लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ, बेताचा खर्च आणि तीच ती नटमंडळी. खदाखदा हसणारा सिड जेम्स, नाकपुड्या फुगवून बोलणारा केनेथ विल्यम्स, चष्मेवाला काडीपैलवान चार्ल्स हॉट्री, भारदस्त हॅटी जॅक्स, जोन सिम्स, बार्बरा विंडसर. कथा नावापुरती, विनोद सगळा द्व्यर्थी. एकाने साळसूदपणे काहीतरी बोलायचं, दुसऱ्याने भुवया उंचावायच्या आणि प्रेक्षकांनी काय ते समजून घ्यायचं. तमाशातला सोंगाड्या ठाऊक असलेल्या माणसाला यात परकं काहीच वाटत नाही.

मला हे चित्रपट आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर म्हणाल, हा नीतिमत्तेचा ठेकेदार कुठून आला! मी सरकारी कारकून. या मालिकेतले पहिले चार चित्रपट बघा: सैन्याची छावणी, इस्पितळ, शाळा, पोलीस चौकी. म्हणजे सगळा आमच्यासारख्यांचाच कारभार! वर तोऱ्यात वावरणारा कुणी साहेब, खाली कामात ढिले पण मनाने बरे असे लोक, आणि मधूनमधून साहेबाची जिरते. १९५९ चा ‘कॅरी ऑन नर्स’ हा त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यांत जास्त चाललेला चित्रपट. त्यात एक कर्नल आहे. खाजगी खोलीत पडून घंटी वाजवत राहतो आणि परिचारिकांना पळवतो. शेवटी त्या त्याचा सूड घेतात. पालथं पडलेल्या कर्नलसाहेबांचा ताप मोजायला थर्मामीटरच्या जागी डॅफोडिलचं फूल! (जागा कुठली ते विचारू नका.) दिवसभर साहेबाची घंटी ऐकणाऱ्या कुणालाही हे बघून थंड वाटेल.

तर भांडण चित्रपटांशी नाही. भांडण आहे ते त्यांच्या नावाने गळा काढणाऱ्यांशी.

पहिला आरोप असा, की स्त्रीवाद्यांनी आणि ‘पोलिटिकल करेक्टनेस’वाल्यांनी हा विनोद मारला. ठीक आहे, तारखा तपासू. मालिका थांबली १९७८ साली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. ‘पोलिटिकल करेक्टनेस’ हा शब्द ब्रिटनमध्ये सर्वांच्या तोंडी व्हायला त्यानंतर दहाएक वर्षं गेली. म्हणजे खून झाला तेव्हा आरोपी गावातच नव्हता!

मग मारलं कोणी? मोकळेपणानेच. १९६८ साली ब्रिटनमधल्या नाटकांवरची सरकारी सेन्सॉरशिप उठली. चित्रपटांवरचे निर्बंधही सैल होत गेले. १९७४ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर’ आला. कॅरी ऑनवाले जे नुसतं सुचवायचे ते त्याने सरळ दाखवलं आणि गल्ला भरला. त्याच्याशी स्पर्धा करायला कॅरी ऑनवाल्यांनी १९७८ मध्ये ‘कॅरी ऑन इमॅन्युएल’ काढला, तो सपशेल आपटला. झाकण असतं तोवरच वाफेला जोर. झाकण उघडलं, वाफ गेली. १९९२ साली ‘कॅरी ऑन कोलंबस’ काढून पुन्हा एक प्रयत्न झाला, तोही फसला.

आणि ज्या काळाला हे लोक मोकळा म्हणतात तो खरंच तसा होता का? कॅरी ऑनचा विनोद ज्या घराण्यातला, ती इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावांत विकली जाणारी चावट पोस्टकार्डं. जाड्या बायका, लुकडे नवरे आणि खाली एक द्व्यर्थी ओळ. या पोस्टकार्डांचा बादशहा डोनाल्ड मॅकगिल. १९५४ साली या म्हाताऱ्याला अश्लीलतेच्या खटल्यात लिंकनच्या कोर्टात उभं केलं आणि दंड ठोकला. पहिला कॅरी ऑन यायच्या अवघ्या चार वर्षं आधी! तेव्हा ‘त्या काळी काहीही चालायचं’ हे विसरा. फार काही चालत नव्हतं, म्हणूनच हा विनोद जन्मला.

दुसरा शब्द ‘निरागस’. या शब्दाची तर मला चीड आहे. निरागस कोणाच्या जिवावर? प्रमुख पुरुष नटांना एका चित्रपटाचे साधारण पाच हजार पौंड मिळत, प्रमुख नट्यांना त्याच्या निम्मे. पुढे हे चित्रपट टीव्हीवर वर्षानुवर्षं दाखवले गेले, त्यातला वाटा या मंडळींना नाही. १९६९ च्या ‘कॅरी ऑन कॅम्पिंग’मधलं ते गाजलेलं दृश्य आठवतं? कवायत करता करता बार्बरा विंडसरची चोळी उडते ते? उन्हाळ्याच्या सुट्टीची कथा, पण चित्रण ऐन थंडीच्या तोंडावर. चिखलावर हिरवा रंग मारून गवत केलेलं आणि ही बाई त्यात कुडकुडत उभी. प्रेक्षकांना मजा आली, नाही असं नाही. पण त्या मजेचा हिशेब मांडायचा तर तो पुरा मांडा.

केनेथ विल्यम्स आणि चार्ल्स हॉट्री दोघेही समलिंगी. त्यांच्या बायकी चालण्या-बोलण्यावर सगळा देश खिदळायचा. आणि १९६७ पर्यंत त्यांच्यासारख्यांचं प्रेम हा इंग्लंडात तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा होता! पडद्यावर टाळ्या, दाराबाहेर पोलीस. विल्यम्स १९८८ मध्ये गेला. १९९३ मध्ये त्याच्या रोजनिशा प्रसिद्ध झाल्या. त्यांतला एकटेपणा वाचल्यावर ‘निरागस’ हा शब्द उच्चारायचं धाडस मला तरी होत नाही.

तिसरी गोष्ट. हसू वर रोखलेलं आहे की खाली, यावर सगळं अवलंबून असतं. १९६८ चा ‘कॅरी ऑन अप द खैबर’ घ्या. गोष्ट १८९५ च्या हिंदुस्थानची, खैबर खिंड मात्र वेल्सच्या डोंगरांत चित्रित केलेली. त्यात बाहेर तोफा धडधडताहेत, छताचा गिलावा ताटात पडतोय आणि साहेबलोक शिस्तीत जेवताहेत. साम्राज्याची अशी टोपी क्वचितच कुणी उडवली असेल. पण त्याच चित्रपटात विल्यम्स तोंडाला काळपट रंग फासून ‘खासी’ नावाचा संस्थानिक होतो. ‘खाझी’ म्हणजे तिकडच्या बोलीत संडास. पहिला विनोद मला शंभरदा चालेल. दुसऱ्यावर मी का हसावं?

१९७१ साली त्यांनी ‘कॅरी ऑन ॲट युअर कन्व्हीनियन्स’ काढला. संडासाची भांडी बनवणारा कारखाना आणि ऊठसूट संप करणारे कामगार. इतकी वर्षं सार्जंटवर नि कर्नलवर हसणारा कष्टकरी प्रेक्षक या वेळी फिरकलाच नाही. चित्रपट पडला. त्या प्रेक्षकाला कुणी नारीवादाची पुस्तकं वाचायला दिली नव्हती. आपली टर उडवायला आपणच तिकीट का काढायचं, एवढं साधं गणित त्याने केलं. मग तेच गणित आज बायकांनी केलं तर त्यांना विनोदबुद्धी नाही म्हणे!

आपला सोंगाड्या तरी काय करतो? वगात राजा, प्रधान, हवालदार यांच्या अंगावर शब्द उलटवतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके गाजले ते यामुळेच. पुढे याच सबनीसांच्या लेखणीतून १९७१ चा ‘सोंगाड्या’ उतरला. दादांचा भोळसट गडी जेव्हा अधिकाऱ्याची फजिती करतो तेव्हा विनोद जिवंत असतो. बाई नुसती चेष्टेचा विषय म्हणून उभी केली की तो शिळा होतो, मग तो मराठीत असो की इंग्रजीत.

हा वाद मी घरबसल्या उकरून काढलेला नाही. एका कचेरीत (नाव सांगत नाही) नव्याने लागलेल्या मुलीला साहेब रोज काहीतरी द्व्यर्थी बोलायचे. ती गप्प राहिली तर म्हणायचे, “अगो, गंमत समजत नाही तुला? पूर्वी असं नव्हतं हां!” भोवतालचे सगळे हसायचे, कारण साहेबांच्या विनोदाला हसणं हा नोकरीचाच भाग. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, पण ‘पूर्वी असं नव्हतं’ या वाक्यावर कुठल्या कायद्यात इलाज आहे? पूर्वीच्या निरागसपणाच्या गोष्टी सांगणारे तुम्ही-आम्हीच त्या साहेबाच्या हातात हे हत्यार देतो. आणि गंमत बघा, पडद्यावरच्या कर्नलला फूल मिळतं, आमच्या कर्नलला बढती!

ब्रिटिश म्हातारे ज्यासाठी हळहळतात ते मला कळतं. भरलेलं थिएटर, हाताला काम, १९४८ पासून मिळालेली फुकट इस्पितळं आणि स्वतःचं तरुणपण. ते गेलं याचं दुःख खरंच आहे. त्याबद्दल रडावं, मीही सोबत बसेन. पण ते काही न हसणाऱ्या बायकांनी चोरून नेलेलं नाही.

तेव्हा कॅरी ऑन जरूर बघा. सुरुवात १९६३ च्या ‘कॅरी ऑन कॅबी’पासून करा. टॅक्सीच्या धंद्यात बुडालेला नवरा लग्नाचा वाढदिवस विसरतो आणि बायको गुपचूप दुसरी टॅक्सी कंपनी काढून त्याला घायकुतीला आणते. तिथेही पोरींच्या रूपाचं भांडवल आहेच. पण हॅटी जॅक्स जेव्हा सिड जेम्सची जिरवते तेव्हा खदखदून हसा.