दुबळ्या खोकल्यास घरच्या हातांचें साह्य

खोकला म्हटला कीं तो घालवावयाचा, हीच आपल्या घराघरांतील समजूत. ज्येष्ठमध, अडुळसा, सितोपलादि हीं सारीं त्याला शमविण्यासाठींच कपाटांत असतात. परंतु ज्या घरांत ड्युशेनच्या स्नायुविकारानें ग्रासलेला मुलगा आहे, किंवा कर्त्या माणसाचेच स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चालले आहेत, त्या घराची चिंता नेमकी उलट असते. तेथें खोकला येत नाहीं हेंच संकट. सर्दी सर्वांनाच होते. घरांतील इतर मुलें चार दिवस खोकून मोकळीं होतात आणि याला मात्र न्यूमोनिया होऊन बसतो. मंडळी समाधानानें म्हणतात, "बिचारा निवांत पडून आहे." तो निवांत नसतो, कफ वर आणण्याचें बळच त्याच्यापाशीं उरलेलें नसतें.

खोकण्याची क्रिया पाहूं गेल्यास तीन पायऱ्यांची आहे. प्रथम खोल श्वास. मग कंठद्वार क्षणभर घट्ट मिटून पोटाचे व बरगड्यांचे स्नायू आंवळणें. आणि नंतर द्वार एकाएकीं उघडून कोंडलेली हवा जोरानें बाहेर सोडणें. स्नायुविकारांत पहिली व दुसरी पायरी ढांसळते, म्हणून तिसरीला जोर येत नाहीं. हा जोर मोजतां येतो. दम्याच्या रोग्यांसाठीं मिळणारें पीक फ्लो मीटर स्वस्त असतें. त्यांत फुंकण्याऐवजीं खोकावयाचें. निरोगी प्रौढ माणसाचा आंकडा मिनिटाला ३६० लिटरांच्या वर जातो. २७० च्या खालीं तो आला कीं साध्या सर्दींतही धोका समजावा, आणि १६० च्या खालीं कफ स्वतःच्या बळानें सुटणें कठीण. (लहान मुलांना हे आंकडे लावूं नयेत, त्यांचें माप डॉक्टरांनीं ठरवावें.) मुलगा किती पावलें चालला याचा हिशेब घरांतील प्रत्येकजण ठेवतो, खोकल्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

उणा पडलेला जोर बाहेरून पुरवितां येतो. त्याच्या दोन रीती आहेत, आणि दोन्ही एकत्र केल्यानें गुण अधिक येतो. पहिली श्वास भरण्याची. रुग्णाला ताठ बसवून त्यानें आपला श्वास घ्यावा व सोडूं नये. मग हवा मागें परतूं न देणारी झडप बसविलेली अंबू बॅग तोंडाशीं धरून साह्यकानें ती हलकेच दाबावी, पुन्हां दाबावी. दोन ते चार वेळां असें केलें म्हणजे छाती भरून येते, आणि रुग्ण डोळ्यांनीं 'पुरे' म्हणून खुणावतो. दुसरी रीत हातांची. तळहातांच्या टांचा बेंबीच्या वर, परंतु छातीच्या हाडाच्या टोंकापासून दूर ठेवून, रुग्ण खोकूं लागतो त्याच क्षणीं आंत व वरच्या दिशेनें झटका द्यावयाचा. येथें सारें कौशल्य वेळ साधण्यांत आहे, शक्तींत नाहीं. हात क्षणभर मागून पडला तर श्रम वायां जातात. दोघांनीं मिळून "एक, दोन, खोक" असें मोजावें.

जेवणानंतर दीड-दोन तास हें करूं नये. स्टिरॉइडच्या दीर्घ सेवनानें ज्यांचीं हाडें ठिसूळ झालीं आहेत, पाठीचा कणा फार वांकला आहे, किंवा फुप्फुसाला पूर्वीं छिद्र पडलें आहे, त्यांच्या बाबतींत डॉक्टरांच्या अनुज्ञेवांचून हातच लावूं नये. गिळण्या-बोलण्याचेच स्नायू गेले असतील तर श्वास कंठांत कोंडून धरतां येत नाहीं. त्यांचा विचार निराळा करावा लागतो.

यासाठीं यंत्रही आहे. तें हवा दाबानें आंत भरतें व लगेच उलट ओढून घेतें. १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभीं, पोलिओच्या सांथींच्या काळांत, अमेरिकेंत डॉ. अल्व्हन बराक यांनीं त्याचा पुरस्कार केला. पुढें गळ्याला छेद देऊन नळीनें कफ ओढण्याची रीत रूढ झाली आणि यंत्र अडगळींत गेलें. १९९३ मध्यें तें नव्या रूपानें परत आलें. त्याची किंमत मध्यम स्थितींतील घराला सहज झेपणारी नाहीं, म्हणूनच हातांची रीत प्रत्येक घरीं शिकलेली असावी.

एक भेद मात्र ध्यानीं ठेवावा. २०२५ च्या जानेवारींत पुण्यास सिंहगड रस्त्याच्या भागांत जीबीएसचे रुग्ण एकाएकीं वाढले. पुणें परिसरांत संशयितांची संख्या दोनशेंवर गेली आणि कित्येकांना व्हेंटिलेटर लागला. पायांपासून वर चढत जाणारी दुर्बलता थोड्याच दिवसांत वाढली, गिळतांना ठसका लागूं लागला, तर घरगुती उपायांत घटकाही न दवडतां रुग्णालय गांठावें. आम्ही येथें सांगतों तें दीर्घ विकार असलेल्या घरांसाठीं.

घोड नदीकांठचें शिरूर असो वा भीमेकांठचें दौंड, पुणें तेथून पाऊणशें किलोमीटरांच्या आसपास. त्यांत शिरूरकरांच्या वाटेवर शिक्रापूर-वाघोलीची गर्दी. मध्यरात्रीं कफ अडकला तर ते पहिले दोन-तीन तास घरच्यांनाच निभवावे लागतात. म्हणून प्रकृति ठीक असतांनाच फिजिओथेरपिस्टकडून धडे घेऊन नित्य सराव ठेवावा. आणि हे धडे एकट्या आईनेंच घ्यावेत असें कोठें लिहिलें आहे? एकत्र कुटुंबांत काका, आत्या, मोठे चुलतभाऊ असतांना सारीं जागरणें एकाच स्त्रीच्या वांट्याला येतात, हें आम्हांस शोभत नाहीं. निदान तिघांना तरी हा हात जमला पाहिजे.

खोकला दाबणारीं व झोंप आणणारीं औषधें अशा रुग्णास परस्पर देऊं नयेत. बोटाच्या ऑक्सिमीटरवर आंकडा ९५ च्या खालीं उतरला तर बहुधा कफ अडकलेला असतो, किंवा श्वासच अपुरा पडत असतो. आधीं वरील रीतीनें कफ काढून पाहावा. आंकडा वर न आल्यास रुग्णालयाची वाट धरावी. नुसता ऑक्सिजन लावल्यानें आंकडा सुधारतो, परंतु श्वास अपुराच राहून रक्तांत कार्बन डायऑक्साइड सांचत जातो. गांवच्या दवाखान्यांत नवख्या डॉक्टरांना हें ठाऊक असेलच असें नाहीं. म्हणून रुग्णाच्या विकाराचें नांव, खोकल्याचा शेवटचा आंकडा आणि "केवळ ऑक्सिजनवर ठेवूं नये, श्वासास आधार द्यावा" ही सूचना आपल्या तज्ज्ञांकडून एका कागदावर सहीनिशीं लिहून घ्यावी, व तो कागद अंबू बॅगेच्या पिशवींतच ठेवावा.